सहा फुटी की आठ फुटी? पिकअपमध्ये बाईक चढवायचा रॅम्प

प्रश्न थोडक्यात असा आहे. मामांची बोलेरो पिकअप हाताशी आहे. गावोगावच्या गोठ्यांत, पडव्यांत वर्षानुवर्षं पडून असलेल्या जुन्या बुलेट शोधायच्या, आणायच्या आणि पुन्हा उभ्या करायच्या असा नाद लागलाय. महिन्यात एक-दोन फेऱ्या होतात, आणि स्वतःची क्लासिक ३५० ही कधीमधी टाकून न्यावी लागते. दुकानात ६ फुटी, घडीचा अॅल्युमिनियमचा रॅम्प बघितलाय, त्याच्या डब्यावर जोडीची क्षमता ३४० किलो लिहिली आहे. ओळखीचा फॅब्रिकेटर म्हणतो, त्याच पैशांत ८ फुटी लोखंडी करून देतो. कोणता घ्यावा?

८ फुटी घ्या. आणि एक नको, दोन घ्या. दुसरा कशाला, ते खाली सांगतो. तेच या उत्तरातलं खरं महत्त्वाचं आहे.

साताऱ्यात माझं गॅरेज आहे, २२ वर्षं झाली. घाटात बंद पडलेल्या, पडलेल्या, पाण्यात गेलेल्या गाड्या उचलून आणायचं काम सुरुवातीपासून करतोय. रॅम्प घ्यायला आलेला प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, "किती किलो पेलतो?" बाईकचं वजन रॅम्पने पेललं नाही म्हणून अपघात झालेला मी एकदाच पाहिला. बाकी सगळे अपघात रॅम्प आखूड होता म्हणून, रॅम्प निसटला म्हणून, नाहीतर ढकलणाऱ्याला पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून झाले.

तेव्हा आधी टेप घ्या. पिकअप रिकामी, सपाट जागेवर, टायरमध्ये हवा पूर्ण. जमिनीपासून हौद्याच्या तळापर्यंतची उंची मोजा. फाळक्याच्या, म्हणजे मागच्या पडत्या दाराच्या, वरच्या कडेपर्यंत नाही, तळापर्यंत. माझ्या पिकअपचा हौदा ३३ इंच भरतो, म्हणजे पावणेतीन फूट. आधीच्या छोट्या हत्तीचा २८ भरत होता. मामांच्या गाडीचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बदललेले असतील किंवा जादा पाटा टाकलेला असेल, तर इंच-दोन इंच सहज फरक पडतो, म्हणून माझा आकडा धरून जाऊ नका. पुढचा हिशोब मात्र ३३ इंचावर करून दाखवतो.

उंचीला रॅम्पच्या लांबीने भागा. जे उत्तर येईल, बाईकच्या वजनाचा तितका हिस्सा तुम्हाला वर ढकलावा लागतो. ६ फुटी रॅम्प म्हणजे ७२ इंच. ३३ भागिले ७२ म्हणजे ०.४६. क्लासिक ३५० पेट्रोल-तेलासकट १९५ किलोची. म्हणजे जवळजवळ ९० किलोचा जोर लावून धरायचा, तोही गाडीचा तोल सांभाळत, चढावर चालत. एका माणसाचं ते काम नाही. ८ फुटी रॅम्पवर तोच जोर ६७ किलोवर येतो, १० फुटीवर ५४ वर. चढ मोजायचा तर ६ फुटीला साधारण २७ अंश, ८ फुटीला २० आणि १० फुटीला १६. सात अंशांनी काय होतं असं वाटेल, पण २७ अंशांवर ओल्या पत्र्यावर नुसतं उभं राहून बघा.

साधा ठोकताळा: रॅम्पची लांबी हौद्याच्या उंचीच्या तिप्पट. ३३ इंचाला ९९ इंच येतात, म्हणजे ८ फुटांच्या जरा वर. त्याहून बराच आखूड रॅम्प फक्त स्प्लेंडर किंवा स्कूटरसाठी. स्प्लेंडर ११२ किलोची, ती दोघं मिळून फळीवरूनही चढवतात.

आता पोटाचं. हे दुकानदार सांगत नाही, कारण बहुतेक वेळा त्याला माहीतच नसतं. पुढचं चाक हौद्यात गेलं, मागचं अजून रॅम्पवर आहे, त्या क्षणी रॅम्प आणि हौदा जुळतात ती कड बाईकच्या बरोबर पोटाखाली येते. पोट टेकलं की मागचं चाक जेमतेम टेकून फिरत राहतं, गाडी कडेवर तरंगते आणि कुठल्याही बाजूला कलंडते. किती जागा लागेल त्याचा हिशोब सोपा आहे. व्हीलबेसला, म्हणजे दोन चाकांच्या मध्यांमधल्या अंतराला, चारने भागा आणि उंची भागिले लांबी या आकड्याने गुणा. त्यात एक सेंटिमीटर मिळवा, कारण तेवढा हा हिशोब कमी सांगतो. क्लासिकचा व्हीलबेस १३९० मिमी. चौथाई ३४७. ६ फुटी रॅम्पसाठी गुणिले ०.४६ म्हणजे १६० आणि वर १०, एकूण १७० मिमी. क्लासिकचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि पोटामधली जागा, १७० मिमीच आहे! म्हणजे दुकानात आवडलेल्या त्या ६ फुटी रॅम्पवरून तुमची बाईक चढेल, पण घासत. सायलेंसर जरा खाली लोंबत असेल किंवा खालून लोखंडी पट्टी लावलेली असेल तर नक्की अडकेल. ८ फुटीवर हाच आकडा १३० मिमी येतो, चार सेंटिमीटर हातात राहतात.

उद्या मित्राची सुपर मीटिअर ६५० न्यायची वेळ आली तर मात्र ८ फुटीही पुरत नाही. क्लिअरन्स १३५ मिमी आणि व्हीलबेस दीड मीटर, म्हणजे ८ फुटीवर ती जेमतेम टेकते, आणि वजन २४१ किलो. तिला १० फुटी हवा, नाहीतर उंच बांध. उलट हिमालयन ४५० चा क्लिअरन्स २३० मिमी, तिच्या पोटाची काळजीच नाही. तिची अडचण वेगळी: सीट उंच, हँडल उंच, खाली उभ्या माणसाचा हात पोचत नाही. कमानीसारखे वाकवलेले रॅम्प मिळतात, त्याने वरची कड सौम्य होते हे खरं, पण सुरुवातीचा चढ तेवढाच खडा होतो. बंद बाईक ढकलताना पहिल्या दोन फुटांत जो वेग लागतो तो तिथे मरतो. मला ते कधी पटले नाहीत.

आता दुसरा रॅम्प कशाला, ते.

बाजारातला बाईकचा रॅम्प रुंदीला फूटभर असतो. चाकाला तेवढं पुरतं. पण बाईक एकटी चढत नाही, तिच्या डाव्या अंगाला तुम्ही चालत असता. रॅम्पच्या सुरुवातीला तुमचे पाय जमिनीवर आणि बाईक तुमच्या बरोबरीने. अर्ध्या रॅम्पवर बाईक जमिनीपासून दीड फूट वर गेलेली असते आणि तुम्ही अजून खालीच. हँडल खांद्याला येतं. पुढचं चाक हौद्यात शिरतं तेव्हा हँडल डोक्याच्या वर असतं, आणि तोपर्यंत लागणारा जोर जराही कमी झालेला नसतो. त्या क्षणी तुम्हाला एक पाऊल वर टाकायचं असतं, पावणेतीन फूट उंच, दोनशे किलोची गाडी हातात धरून.

माझा डावा घोटा मी तिथेच मोडला. जुलै महिना, वाईजवळ, पसरणी घाटाच्या पायथ्याला. पडून बंद झालेली बुलेट, माझ्याकडे शटरिंगची फळी, सोबत एक पोरगा. पुढचं चाक आत गेलं, मी हौद्याच्या कडेवर पाय टाकायला गेलो, पाय ओल्या पत्र्यावरून घसरला. हात सुटला. गाडी माझ्या अंगावर नाही, पलीकडे पडली, पण मी पडलो तो पाय फळी आणि बंपरच्या मध्ये अडकून. दोन महिने गॅरेजमध्ये खुर्चीवर बसून पोरांना स्पॅनर मागत होतो. पोरगा पलीकडच्या बाजूला उभा असता तर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही फार करत नाही.

तेव्हापासून माझ्याकडे दोन रॅम्प आहेत. एक चाकासाठी आणि त्याला लागून डावीकडे दुसरा, माणसासाठी. माणसाच्या रॅम्पला फार ताकद लागत नाही, पण आडव्या पट्ट्या हव्यात, म्हणजे बूट अडकतो. चढताना बाईक आणि तुम्ही बरोबरीने वर जाता, हँडल पहिल्यापासून शेवटपर्यंत कमरेशी राहतं. एकदा असं चढवून बघितलं की पुन्हा एकट्या रॅम्पवर कोणी जात नाही. दुसरा रॅम्प शक्य नसेल तर निदान मध्ये पायरी ठेवा: सिमेंटचा ब्लॉक चालेल, जाड लाकडी ठोकळा चालेल. दुधाचा प्लॅस्टिकचा क्रेट नको. आणि बाईकवर बसून, रेस देऊन रॅम्पवर चढवायचा मोह कितीही झाला तरी नाही. पाय टेकायला दोन्हीकडे हवाच असते.

आता त्या ३४० किलोच्या आकड्याकडे येऊ. डब्यावरचा हा आकडा जोडीचा असतो. चार चाकांचं वाहन दोन रॅम्पवरून चढतं, वजन चारी चाकांवर वाटलं जातं, असं धरून तो छापलेला असतो. म्हणजे एका रॅम्पला १७०. बाईक दोन्ही चाकांनी एकाच रॅम्पवर असते. १९५ किलोची बाईक, वर ८० किलोचा माणूस चालला तर २७५. रॅम्पची जोडी असेल तर आकड्याचं अर्धं करा आणि मग बघा. एकट्या रॅम्पवर ३५० ते ४०० किलो लिहिलेलं असेल तरच तो तुमच्या कामाचा. घडीच्या रॅम्पमध्ये अजून एक गोष्ट बघा, बिजागरी. सगळ्यात जास्त वाक मध्यावर येतो आणि बिजागरी नेमकी तिथेच असते. मी पाहिलेला तो एकमेव मोडलेला रॅम्प बिजागरीच्या पिनवर मोडला होता. मुळात पिकअपवाल्याला घडी हवी कशाला? ८ फुटी सरळ रॅम्प हौद्यात बाईकच्या शेजारी आडवा पडतो. घडी ही इको व्हॅनवाल्यांची गरज, ज्यांना सीटखाली कोंबायचा असतो.

अॅल्युमिनियम वाईट नाही. ८ फुटी चांगला रॅम्प पंधरा-वीस किलोत येतो, एकटा माणूस हाताळतो, गंज नाही. एकट्याने फिरणारे असाल तर तो घ्या, पण ८ फुटी, बिनघडीचा, दातेरी पृष्ठभागाचा. एकच सूचना: तो वाकला, तडकला तर गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. अॅल्युमिनियमला वेगळं वेल्डिंग लागतं, आणि ते नीट झालं तरी जोडाच्या आसपासचा धातू पहिल्यापेक्षा मऊ पडतो. तडकलेला अॅल्युमिनियमचा रॅम्प भंगारातच.

तुमच्याकडे मामा आहेत, पिकअप आहे, फॅब्रिकेटर ओळखीचा आहे, म्हणून मी लोखंडी म्हणेन. पण फॅब्रिकेटरवर सोडू नका. तो दुकानात पडलेल्या ४० च्या अँगलमधून बनवून देईल आणि "साहेब, ट्रॅक्टर चढवा" म्हणेल. माझा पहिला लोखंडी रॅम्प ४० बाय ४० बाय ५ च्या दोन अँगलचाच होता. तिसऱ्या बुलेटला मध्ये वाकला आणि वाकलेलाच राहिला. ८ फूट लांबीवर, मध्यावर माणूस आणि चाक एकदम आलं की त्या दोन अँगलना ते झेपत नाही. हिशोब नंतर इंजिनिअर भाच्याने करून दाखवला, मला वाकलेल्या लोखंडानेच सांगितलं होतं. ६० बाय ४० चा चौकोनी पाइप घ्या, ३ मिमी जाडीचा, ६० ची बाजू उभी ठेवून. असे दोन, बाहेर-बाहेर १४ इंचावर. मध्ये दर फुटाला आडवा पाइप, नाहीतर वरचा पत्रा चाकाखाली खोलगट होतो. वर ३ मिमी चेकर्ड पत्रा आणि दोन्ही कडांना दीड इंचाची उभी पट्टी, चाक बाहेर जाऊ नये म्हणून. वजन ५५ किलोच्या आसपास होईल. घाबरू नका, एक टोक उचलून हौद्याच्या कडेवर टेकवायचं आणि दुसरं उचलून आत सरकवायचं, पूर्ण वजन कधीच हातात येत नाही. माणसाचा रॅम्प ४० बाय ४० च्या पाइपचा, फूटभर रुंद, वर जाळी किंवा आडव्या पट्ट्या, तो निम्म्या वजनात होतो. फॅब्रिकेटर किलोवर दर लावतो, तेव्हा जाडी कमी करून पैसे वाचवायचा मोह होईल. माणसाच्या रॅम्पवर करा, चाकाच्या नाही.

चेकर्ड पत्र्याला ऑइल पेंट मारून देतात, छान चकचकीत. पावसात त्यावरून चाकही घसरतं आणि बूटही. रंग ओला असतानाच वरून बारीक वाळू भुरभुरा, किंवा दर आठ-दहा इंचांवर आडवी सळई वेल्ड करून घ्या. सळई ८ मिमीपेक्षा जाड नको, नाहीतर बंद गाडी प्रत्येक सळईवर थांबेल.

वरच्या टोकाचं काम सगळ्यात नीट करून घ्या. रॅम्प हौद्यावर नुसता टेकलेला नको, अडकलेला हवा. ८ मिमी जाडीची पट्टी, तीन-चार इंच हौद्यावर बसेल आणि टोक खाली वळून कडेत किंवा बिजागरीच्या फटीत धरेल अशी. शिवाय दोन्ही बाजूंना एकेक कडी आणि साखळी, पिकअपच्या चासीला बांधायला. वर हा वळलेला आकडा (हुक) असताना साखळी कशाला असं विचाराल. चालू बाईक पहिल्या गियरमध्ये, हाफ क्लचवर चढवता तेव्हा मागचं चाक बाईकला पुढे ढकलतं आणि रॅम्पला तेवढंच मागे. पुढचं चाक हौद्यात गेल्यावर रॅम्पवरचं वजन कमी झालेलं असतं, टायर मात्र त्याला मागे लोटतच असतो. शिवाय बाईकचं वजन आल्यावर पाटे दबतात, हौदा खाली जातो, आकडा सैल होतो. रॅम्प निसटतो तो बहुतेक वेळा याच क्षणी, आणि मागचं चाक सरळ खाली येतं. साखळी लावायला वीस सेकंद लागतात.

फाळका पूर्ण खाली सोडा, लोंबता. साखळ्यांवर आडवा धरून त्याच्या टोकावर रॅम्प टेकवला तर फूट-सव्वा फूट अंतर फुकट मिळतं असं वाटतं. पण ते सगळं वजन दोन साखळ्या आणि गंजलेल्या कोंड्यांवर येतं. नव्या गाडीचं मी सांगत नाही, मामांच्या गाडीचे कोंडे बघा आणि ठरवा. मी ठेवत नाही.

एवढं सगळं सांगून आता खरं बोलतो: सगळ्यात चांगला रॅम्प विकत मिळत नाही. गावात गेल्यावर आधी इकडेतिकडे नजर टाका. शेताचा बांध, रस्त्याकडेची चारी, दूध डेअरीचा किंवा सोसायटीच्या गोदामाचा ओटा. पिकअपची मागची चाकं चारीत घेतली आणि रॅम्पचा पाय वर रस्त्यावर ठेवला की ३३ इंचांचे १५ होतात. आमच्याकडे जनावरं टेम्पोत चढवणारे लोक हेच करतात, त्यांना कोणी शिकवलेलं नाही. म्हाताऱ्या माणसालाही यात गाडी ढकलता येते. पण दोन गोष्टी. मऊ मातीत रॅम्पचा पाय रुततो आणि तिरका होतो, खाली फळी टाका. आणि पिकअप बाहेर निघेल ना, ते आधी बघा. मी एकदा बुलेट झकास चढवली आणि मग तीच पिकअप ट्रॅक्टरने ओढून काढली.

चारी नसेल, नुसता उतार असेल, तर पिकअपचं तोंड उताराकडे ठेवा. रॅम्पचा पाय चढाच्या बाजूला येतो, ढकलायचा जोर कमी होतो, आणि बाईक आत गेल्यावर केबिनकडेच झुकते. पिकअप रिव्हर्स गियरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पुढच्या चाकांच्या पुढे दगड. पोटाच्या जागेत मात्र उताराने काही फरक पडत नाही, कारण रॅम्प आणि हौद्यातला कोन तोच राहतो. तो फक्त बांधाने किंवा ओट्याने कमी होतो.

तुमच्या जुन्या बुलेट बंद असणार, तेव्हा इंजिनाची मदत विसरा. गोठ्यातून बाहेर काढायच्या आधी दोन्ही टायरमध्ये हवा भरा, टायर सडका असला तरी. पायाने मारायचा पंप सोबत ठेवा. बसलेल्या टायरवर गाडी चढावर हलतच नाही. ब्रेक चिकटलेले असतात, लायनर ड्रमला धरून बसतात, ते सोडवा. इंजिन जाम असेल, न्यूट्रल पडत नसेल आणि क्लचही सुटत नसेल तर चेन काढा. मग दोन माणसं ढकलायला आणि एक हौद्यात, फोर्कला खालच्या बाजूला दोर बांधून ओढायला. हँडलला दोर बांधला की गाडी वळते. महिन्याला दोन फेऱ्या खरंच होणार असतील तर हौद्याच्या पुढच्या जाळीच्या खालच्या आडव्या पाइपला एक हँड विंच (हाताने फिरवून दोर गुंडाळायची चरखी) बसवून घ्या. हळूहळू दात खात गाडी वर येते, मध्येच थांबून दम खाता येतो, आणि माणसं फक्त तोल धरतात. ती बसवल्यापासून मी गावात जादा माणूस शोधत फिरायचा थांबलो.

उतरवणं चढवण्यापेक्षा धोक्याचं, आणि लोक नेमकं तेच घाईत करतात. बाईक मागे येत असते, वजन मागच्या चाकावर असतं, पुढचं चाक हलकं झालेलं असतं. त्यामुळे पुढचा ब्रेक दाबला तरी पुढचं चाक नुसतं घसरत खाली येतं. जुन्या ड्रम ब्रेकवर तर उलट्या दिशेला भरवसाच नको. खरा ब्रेक क्लच आहे. इंजिन बंद, पहिला गियर, क्लच थोडा सोडला की मागचं चाक धरतं, दाबला की सुटतं. असं इंच-इंच उतरवा. इंजिन जाम असलं तरी क्लच आणि चेन शाबूत असतील तर हे चालतं. चेन काढलेली असेल तर मात्र मागच्या चाकाला धरणारं काहीच उरत नाही. मग मागून एक माणूस उभा करू नका, पुढून विंचने किंवा दोराने धरून सोडा. स्कूटरला हा क्लचचा उपाय नाही, पण तिचा मागचा ब्रेक डाव्या हातातच असतो, त्यामुळे काम सोपं. स्कूटर चालू करून चालत चढवायला मात्र जाऊ नका, रेस जरा जास्त झाली की ती हातातून उडी मारते.

बांधायचं थोडक्यात. रॅचेटचे (खटक्याने ताणायचे) चार पट्टे, पुढचे दोन फोर्कच्या खालच्या क्लॅम्पमधून, पुढे आणि बाहेर ताणलेले, सस्पेन्शन तिसऱ्या हिश्श्याएवढं दबेपर्यंत. हँडलला नाही, ते फिरतं आणि पट्टा सैल होतो. मागचे दोन फक्त चाक डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून. पुढचं चाक आणि केबिनच्या मध्ये जुना टायर. स्टँड वर, कोणताही. स्टँडवर उभी करून बांधलेली गाडी खड्ड्यात उडते आणि स्टँड वाकतो. पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ताणा. ताणणारी रबरी दोरी हेल्मेट बांधायला ठीक. आणि विकत घेतलेली जुनी गाडी असेल तर आरसी आणि विक्रीचा कागद केबिनमध्ये ठेवा. पिकअपमध्ये मळकी बुलेट आणि कागद नाही म्हटलं की नाक्यावर तासभर जातो.

फॅब्रिकेटरकडे जाताना माप लिहिलेला कागद नेऊ नका, पिकअपच घेऊन जा. दोन्ही रॅम्पचे आकडे आधी नुसते टाके मारून लावायला सांगा, हौद्यावर अडकवा, त्यावर दोघांनी उभं राहून पाटे दबू द्या, आकडा तरीही कडेत धरतोय का बघा, आणि मगच पूर्ण वेल्ड करू द्या.